खाट रिकामी झाली

गवंड्याने आपल्या खाटेवरची चादर काढली, धुतलेली अंथरली आणि चारही कोपरे ओढून ताठ केले. मग साहेबांच्या धाकट्या भावाला म्हणाला, "बस रे. सुरुवातीला जीव नकोसा होतो. मग सवय होते. भिऊ नकोस."

धाकटा खाटेच्या कडेला टेकला. दारात उभ्या असलेल्या साहेबांना कुठे बघावं ते कळेना.

व्यसनमुक्ती केंद्र खासगी होतं, पण तिथल्या काही खाटांचा खर्च नगरपालिका करायची. तो करार साहेबांच्या हातात होता. खाटा कायम भरलेल्या, बाहेर ताटकळणारे ढीगभर, आणि साहेब तर कुणालाही रांग मोडू देत नाहीत म्हणून ऑफिसात बदनाम. पण मागच्या आठवड्यात धाकट्याने दारूच्या पैशांसाठी आईचा हात पिरगळला. हात मोडला. आई प्लास्टर घातलेला हात घेऊन शेजाऱ्यांकडे झोपायला जाऊ लागली आणि साहेबांचे नियम तिथेच संपले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"कुणी बरा झाला असेल तर त्याला घरी पाठवा," सकाळीच ते केंद्राच्या संचालकाला म्हणाले होते.

"बरा असा कुणीच नाही, साहेब. गवंडी त्यातल्या त्यात ठीक. पण अजून दोन-तीन महिने तरी…"

"तो बरा झालाय," साहेब म्हणाले.

कराराची मुदत संपत आली होती. संचालकाची मान आपोआप हलली. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. हे मात्र जेवणाच्या सुट्टीआधीच उरकलं.

गवंड्याला न्यायला त्याची बायको आली. नवरा प्यायला की लेकीला बडवायचा, म्हणून तिने पोरीला आपल्या आईकडे ठेवलं होतं. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"इथली माणसं काय, गोडच बोलणार. तुम्ही सांगा, साहेब. खरंच सुटली का त्यांची? म्हणजे मग पोरीला आजच घरी आणते."

एक 'नाही' पुरे होतं. पण मग खाट पुन्हा गवंड्याची झाली असती आणि धाकटा पुन्हा आईच्या दारात. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आणा," ते म्हणाले.

ती रडली. तुमच्या मुलाबाळांचं भलं होवो, म्हणाली. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिशवी उचलून ती फाटकाकडे चालू लागली. गवंडी मात्र रेंगाळला. बायको लांब गेल्याची खात्री करून तो साहेबांच्या अगदी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एक विचारू? प्यावंसं तर मला अजून रोज वाटतं. पण तुमच्यासारख्या माणसाने तपासून बरा झालो म्हटलं, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल, नाही का?"