डावीकडची घडी

तिसऱ्यांदाही आलेखावर तोच सुळका आला. जडीबुटीच्या पुडीत झोपेच्या गोळीचं औषध, आणि तेही चांगलं सढळ हाताने घातलेलं. तिने यंत्र बंद केलं आणि मटकन खुर्चीत बसली.

नमुना कोणी पाठवला हे प्रयोगशाळेत तपासनिसाला सांगत नाहीत. पाकिटावर नुसता क्रमांक असतो. पण आतली पुडी हातात घेताच जटामांसीचा ओळखीचा उग्र वास आला होता, आणि कागदाची शेवटची घडी डावीकडे होती. अशी घडी घालणारा डावखुरा माणूस तिला एकच माहीत होता. तिचे वडील.

वडील वैद्य. मन शांत करणारी त्यांची पुडी चाळीस वर्षं चालली, पण बेताचीच. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा कुटण्या-चाळण्याचं काम दादाने घेतलं. बाबा आता बसून पुड्या तेवढ्या बांधतात. तेव्हापासून दुकानापुढे ही भली मोठी रांग. "हाताला गुण असावा लागतो," दादा छाती फुगवून सांगतो. बाबा मान खाली घालून पुढची पुडी बांधतात.

खरा अहवाल गेला तर दुकानाला टाळं लागणार. या वयात बाबांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार. तिला बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली. अकरा वर्षांत तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आज 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि अहवाल पुढे धाडून दिला. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमची पुडी माझ्या टेबलावर आलीय. झोपेची गोळी आहे तिच्यात."

पलीकडे पुडीच्या कागदाची सळसळ थांबली.

"घाबरू नका," ती घाईने म्हणाली, "मी सांभाळून घेतलंय. काही सापडलं नाही, असंच लिहिलंय."

"अगं, काय केलंस हे!" बाबांचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षं माझ्या पुडीने माणूस जरा निवांत व्हायचा, इतकंच. दादा कुटायला लागल्यापासून लोक भरदुपारी घोरायला लागले. तेव्हा मीच ती पुडी तपासायला पाठवली. तुमच्याकडे खोटं लिहीत नाहीत म्हणून."