मुठीवालीचा धडा

“मूठ उघड,” इतिहासाच्या बाई ओठ न हलवता म्हणाल्या. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी जराही ढळू दिलं नाही, कारण मंत्री फाटकातून आत आले होते.

वावटळीने मूठ उघडली नाही.

तिला सगळी शाळा वावटळच म्हणायची. पळायची तशी, बोलायचीही तशीच. रांगेतल्या बाकी मुलींच्या हातांतून मंत्र्यांवर पाकळ्या उडत होत्या. हिच्या मुठीत मात्र पाकळ्यांचा लगदा होत होता. मंत्री आले होते ते शाळेच्या मैदानावर नव्या कचेरीची पायाभरणी करायला. याच मैदानावर गुडघे सोलून घेत वावटळ धावायला शिकली होती. आता स्पर्धेचा सराव कुठे करायचा, असं तिने विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, “गच्ची आहे की.”

खरं तर या मुठीचं बी बाईंनीच पेरलं होतं. दर वर्षी त्या वर्गात मुठीवालीचा धडा शिकवत. देशावर परक्यांचं राज्य होतं. गव्हर्नर येणार म्हणून शाळेतल्या मुलींना रस्त्याच्या कडेला उभं केलं, ओंजळीत फुलं दिली. सगळ्यांनी ती उधळली. एकीने तेवढी मूठ मिटून धरली. गव्हर्नरची नजर त्या मुठीवर गेली आणि त्याला दरदरून घाम फुटला. इथे आलं की बाईंचा गळा न चुकता दाटून यायचा. मागच्या बाकावरच्या टवाळ पोरीसुद्धा गप्प व्हायच्या.

यंदा मात्र वावटळीने हात वर केला होता. “बाई, त्याच्याकडे एवढी फौज होती. मग एका पोरीच्या मुठीला तो कशाला घाबरला?”

“ते पुस्तकात नाही,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “परीक्षेलाही येणार नाही. देशप्रेम म्हणजे काय, ते त्या मुठीकडून शिकायचं. बस खाली.”

वावटळ बसली. आणि शिकली.

आता मंत्री नेमके तिच्यासमोर थांबले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मुख्याध्यापक लगबगीने पुढे झाले. “पोरबुद्धी आहे साहेब, मनावर घेऊ नका.”

मंत्र्यांनी मुठीकडे पाहिलं. भुवया वर गेल्या. आणि मग त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

“मुठीवाली! अहो, हा धडा आम्हालाही होता. अजून पाठ आहे माझा. कोणी बसवलं हे?”

“मी,” बाई म्हणाल्या. इतक्या चटकन, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

“साहेब, हे बसवलेलं नाही,” वावटळ म्हणाली. “आमचं मैदान घेऊ नका, म्हणून मूठ मिटली आहे.”

“आणि आवाज बघा कसा खणखणीत,” मंत्री म्हणाले आणि फोटोसाठी तिच्या शेजारी उभे राहिले.

भाषणात तर त्यांना भलताच हुरूप आला. कचेरी बांधून मैदानाचा एक कोपरा उरणार होता. तिथे मुठीवालीचा पुतळा उभारायचा, चौथऱ्यासकट आणि कुंपणासकट, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या गळ्यात हार पडला.

“घे,” घरी थोरली बहीण म्हणाली. “कचेरीने निदान लांब उडीपुरती जागा सोडली होती. ती तुझ्या मुठीने घालवली. आता पळ पुतळ्याभोवती गोल गोल.”

वावटळ जेवली नाही. बहिणीने ताट झाकून ठेवलं आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

पुतळा तयार झाला, कापडाखाली झाकून उभा राहिला, आणि अनावरणाचा दिवस जवळ आला. वरून हुकूम आला की मंत्री येतील तेव्हा सगळ्या मुलींनी मूठ मिटून उभं राहायचं. झालं, त्या कोपऱ्यातच सकाळचा सराव सुरू झाला. उजवा हात पुढे, कोपर ताठ, अंगठा बाहेर. फुलं या वेळी रद्द.

“जिची मूठ ढिली पडेल, तिचे इतिहासाचे गुण गेले म्हणून समजा,” बाईंनी बजावलं. “मुठीवालीने कुणाचं ऐकलं होतं का? नाही ना? मग मी सांगते तसं करा.”

हसायची कुणाची छाती झाली नाही.

मंत्री जिथे उभे राहणार, तिथे जमिनीवर खडूने फुली मारली होती. रांग सरळ दिसते की नाही ते बघायला बाई त्या फुलीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवली. अख्ख्या शाळेच्या मुठी एकदम मिटल्या. सुरेख दिसत होतं. बाईंचा गळा सवयीने दाटून यायला लागला होता, इतक्यात त्यांची नजर रांगेच्या टोकाला गेली.

तिथे एक हात उघडा होता. बोटं मोकळी, तळवा आभाळाकडे.

“मूठ मिट,” बाई म्हणाल्या.

वावटळीने मूठ मिटली नाही. ती रागावलेली दिसत नव्हती. नुसती उभी होती. तिच्या शेजारच्या मुलीने तिरक्या डोळ्यांनी त्या तळव्याकडे पाहिलं. मग तिच्याही मुठीतून एक बोट हळूच सुटलं. मग तिच्या पलीकडचीच्या.

ऊन अजून चढायचं होतं. वाराही गार होता. तरी फुलीवर उभ्या असलेल्या बाईंना दरदरून घाम फुटला.