हातमोजे
घरात पाऊल टाकताना रघुवीरने हातमोजे घट्ट ओढून घेतले. वर्षभर वाळवंटातल्या तळावर ते लागले नव्हते. तिथे पाणीच नव्हतं, म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर डॉक्टरांनी काटेरी सरड्याची कातडी वाढवली होती. पहाटे दवाने भिजलेल्या वाळूवर तळवे टेकले, की कातडीवरच्या बारीक चरांतून पाणी आपोआप चढत ओठांशी यायचं.

“अहो, काढा ते मोजे,” शरयू म्हणाली. “लेकीला पहिल्यांदा घेताय.”

“घरात काढायचे नाहीत, असं बजावलंय.”

“नुसते डोळे पुसायला काय होतंय?”

सहा महिन्यांची चिमी तापाने फणफणली होती, रडून लाल झाली होती. त्याला राहवलं नाही. एक मोजा काढून त्याने तळहात तिच्या गालाला लावला. गाल क्षणात कोरडा झाला. कपाळावरचा घामही दिसेनासा झाला. चिमीचं रडणं थांबलं.

“बघा, बापाच्या हातात कशी गप्प झाली!” शरयू हसली.

रघुवीरच्या जिभेवर खारट चव पसरली. चिमीचे ओठ सुकत चालले होते. हात काढायला हवा, हे त्याला कळत होतं. तेवढ्यात त्याच्या घशाने, त्याला न विचारता, घोट घेतला.