नववीतले डावे हात

एकूण एक हात वर गेला, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या महिपती सरांनी त्यातले फक्त डावे हात मोजले. अठरा भरले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिवाला गार वाटलं.

डाव्या हाताचा अर्थ त्या हायस्कुलात सगळ्यांना ठाऊक होता, बाहेरच्या कुणालाच नव्हता. युक्ती महिपती सरांचीच. तपासणीच्या दिवशी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मास्तरानं उजवा हात बघून पोरगं उठवायचं. तपासायला आलेल्या साहेबांना वाटायचं, वर्ग काय तयार आहे! इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकडेचं ते हायस्कूल पंधरा वर्षं या युक्तीवर तपासण्या पार पाडत आलं होतं.

आज तपासणी होती, आणि नववीच्या फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद होतं, प्रोव्होक. फळ्याशी मेघना मॅडम उभ्या होत्या. वय सव्वीस, बारामतीहून रोज एस.टी.नं ये-जा, नोकरीचं जेमतेम दुसरं वर्ष. तरी पोरं उठता-बसता त्यांचंच नाव घेत. महिपती सर हे क्रियापद अठरा वर्षं शिकवत आले होते. प्रोव्होक म्हणजे भडकावणे, स्पेलिंग दहादा लिहा, वही दाखवा, संपलं. या बाई मात्र अर्थ सांगायच्या आधी पोरांच्या घरच्या चौकशा करत बसत. या आठवड्यात कुणी चिडवलं? हसू कशानं आलं? रडू कशानं आलं? व्हरांड्यातून जाताना त्या वर्गातला हशा कानावर पडला की सरांना वाटे, ही कार्टी आपल्यालाच हसतायत.

नुसत्या हशाचा हेवा असता तर सरांनी तो गिळला असता. पण मुख्याध्यापक मानसिंगरावांनी सांगून टाकलं होतं, की साहेब ज्याच्या तासाला चांगला शेरा देतील त्याच्याकडं पुढच्या वर्षी दहावीचं इंग्रजी. अठरा वर्षं दहावी महिपती सरांची होती. दहावीमुळं गावात वाकून नमस्कार होत, निकालाच्या दिवशी घरी पेढ्यांचे पुडे येत. दहावी गेली तर हातात राहणार काय, तर पाचवीची एबीसीडी. आणि तीसुद्धा काल आलेल्या पोरीपायी.

सकाळी साहेबांनी सरांचा तास बघितला होता आणि 'ठीक आहे' म्हणाले होते. त्या 'ठीक'वर दहावी राहिली असती, पण त्यासाठी बाईंचा तास फसायला हवा होता.

मॅडमनी वर्गावर नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावरच्या, गेणबाच्या पोराकडं बोट केलं. त्याचा हात उजवा होता. सर पुढं सरकले. आपलीच युक्ती आपल्याच तोंडानं फोडायची म्हटल्यावर जीभ जरा अडखळली, पण मत्सरापुढं कुणाची जीभ किती वेळ अडखळते? खुर्चीत बसलेल्या साहेबांच्या कानाशी ते वाकले.

"साहेब, उजवे राहू द्या. डावा हात वर आहे त्यांना उठवा."

साहेबांनी एकवार त्यांच्याकडं बघितलं आणि समजून मान हलवली. मॅडमना थांबवून त्यांनी पहिल्या बाकावरच्या राजलक्ष्मीला उभं केलं. तिचा हात डावा होता.

"प्रोव्होक म्हंजी डिवचून जागं करणं," ती म्हणाली. "पन नुसता रागच न्हाय, साहेब. हसू, रडू, कायबी जागं करता येतं. धरणाचं पाणी उतरलं की जुन्या देवळाचा कळस वर येतो, आन् आमच्या अप्पांना रडू येतं. द ओल्ड टेम्पल प्रोव्होक्स टिअर्स."

साहेब खुर्चीत सावरून बसले. त्यांनी दुसरा डावा हात उठवला, सोमनाथचा. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं आणि आमच्या चुलत्याच्या पोटात दुखायला लागलं, हे त्या पठ्ठ्यानं प्रोव्होक वापरून इंग्रजीत ठणकावून सांगितलं. वर्ग हसला, साहेब हसले. महिपती सरांना हसता आलं नाही. मग तिसरा, चौथा, पाचवा. एक डावा हात अडेल तर शपथ. शेवटी साहेबांनीच हात जोडले आणि शेरेबुकात 'उत्कृष्ट' असं लिहून खाली रेघ ओढली. चहा व्हायच्या आत मानसिंगरावांनी दहावी मॅडमना देऊन टाकली.

जनाची लाज म्हणून सर शिक्षकांच्या खोलीत अभिनंदन करायला गेले. अभिनंदन कसंबसं झालं, पण मनातलं राहवेना. डाव्या-उजव्या हाताचं पोरांना कुणी सांगितलं नव्हतं काय, असं त्यांनी विचारलंच.

"सांगितलंय की, सर. युक्ती तुमचीच, मी फक्त उलटी केली. पक्कं येतं त्यांनी डावा करायचा. मी रोज उजव्यांनाच उठवते. येतंय त्यांनाच विचारत बसले तर न येणारे शिकणार कधी?" मॅडम हाताला लागलेला खडू झटकत म्हणाल्या. "आजसुद्धा सवयीनं गेणबाच्या पोराला उठवायला निघाले होते. त्याला अवाक्षर आलं नसतं. साहेबांना डावे हात कुठून सुचले कोण जाणे, पण दहावी मिळाली ती त्यांच्यामुळंच."