खारट भिंत

म्हाताऱ्या यावदोखाला पहिला पणतू झाला ते १९९० साल. युक्रेनमधल्या द्नीपर नदीकाठच्या त्यांच्या गावात सोव्हिएत सरकारनं भिंतींना चुना फासून चर्चचं मिठाचं गोदाम केलं होतं, ते त्या वर्षी रिकामं झालं. सामूहिक शेतीचा अध्यक्ष पानासला तिथं नाचघर काढायचं होतं. म्हातारीला ते पुन्हा चर्च व्हायला आणि आपली शवपेटी तिथूनच निघायला हवी होती. "आजी, भिंती बघ पांढऱ्याफटक. संतबिंत उरलेत कुठे?" तो म्हणत होता, तेवढ्यात तिची शेळी आत शिरली. "अगं, सरकारी भिंत खातेय ती!" "खात नाही रे, चाटतेय. चाळीस वर्षं मीठ तुम्हीच मुरवलंत ना?" शेळीला हाकलायला धावलेला पानास थबकला. चुन्याखालून कुणा संताची रंगवलेली दाढी निघाली होती. वर एक डोळा, थेट त्याच्यावर रोखलेला. त्याने टोपी काढली. "याच्यापुढं नाचणार कोण? उद्या शेजारणीच्याही शेळ्या आण, आजी." यावदोखा पुढच्या ईस्टरला वारली, पेटी तिथूनच निघाली.