भोंग्यानंतरचा चेहरा

“रखमाबाईंनाही बोलावलंय, सर. सरप्राइज!” कार्यक्रम ठरवणाऱ्या कीर्तीनं सांगितलं तेव्हा राजेंद्र पेडणेकरांच्या खांद्यावर शाल पडलेली होती. आता उठून जायचं म्हणजे शोभाच.

शिवमंदिराजवळच्या छोट्या हॉलमध्ये पोरांनी पडदा लावला होता. सगळ्यांच्या टी-शर्टवर कंपनीच्या भोंग्याचं चित्र. ‘चौथ्या पाळीचा भोंगा’ हा पेडणेकरांचा पहिला आणि शेवटचा पिक्चर. तीस वर्षांपूर्वी लागला आणि आठवडाही न काढता उतरला. मग त्यांनी बदलापुरात फोटो स्टुडिओ टाकला आणि पिक्चरचं नाव काढणं सोडलं. आणि आता ही पंचविशीतली पोरं त्या पडेल पिक्चरसाठी जगाशी भांडत होती.

“लोक बोलतात स्लो आहे, साउंड फाटलाय, हिरोची मिशी निघते,” त्यांच्यातलाच सुयोग माइकवर तावातावानं सांगत होता. “निघते ना! क्या फरक पडता है? पण भोंग्यानंतरचा तो सीन दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये दाखवा. नवरा कंपनीतून परत आला नाही, आणि ही बाई रडत नाही. ती अपराधी दिसते! जणू तिनंच काहीतरी केलंय. यार, असा विचार कोण करतं?”

टाळ्या पडल्या.

पेडणेकरांनी असा काही विचार केलाच नव्हता. शूटिंग पालेगावात होतं. त्या बाईचं काम करणारी रखमाबाई तिथलीच, भाताच्या खाचरातून उचलून आणलेली; तिचा नवरा नाथा खरोखरच कंपनीत कामाला. कॅमेरा सुरू झाला की तिला हसू फुटायचं. टेकवर टेक वाया गेले, बघ्यांची गर्दी खिदळायला लागली, ऊन उतरलं. शेवटी पेडणेकरांनी कॅमेरामनला खूण केली, तिच्याजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “रखमाबाई, तुमचा नाथा कंपनीत भाजला. वाचेल असं वाटत नाही.”

शॉट मिळाला. पण त्यानंतर तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. ते तडक जीपमध्ये जाऊन बसले आणि खरं काय ते सांगायला असिस्टंटला पाठवलं. पालेगावात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कुणी त्या सीनची तारीफ केली की त्यांना लाज वाटे, आणि ती खरीच लाज होती.

आता ती येणार आणि माइकवर बोलणार. मग ही पोरं हे टी-शर्ट उतरवून फेकतील. फेकावेतच, असं त्यांना वाटलं.

रखमाबाई आल्या, नाथाचा हात धरून. नाथा चांगलाच थकला होता. पेडणेकर लगबगीनं दारापाशी गेले.

“रखमाबाई, जरा बाहेर येता? दोन शब्द बोलायचेत.”

“मंग बोलू, सायेब. आदी पिक्चर बगू द्या. आमी कवा बगलाच नाय.”

पिक्चर सुरू झाला. हिरोची मिशी निघाली तेव्हा पोरांनी प्रेमानं जल्लोष केला. मग भोंगा वाजला आणि पडद्यावर तो चेहरा आला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. पेडणेकरांनी मान खाली घातली. हे सगळं आपण चोरून मिळवलंय, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

दिवे लागले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. कीर्तीनं रखमाबाईंच्या हातात माइक दिला.

“आजी, तो चेहरा कसा आणलात हो? आम्ही त्यावर रात्र-रात्र भांडतो.”

“सायबांनीच शिकवला,” रखमाबाई म्हणाल्या. “मना काय जमत नव्हता. हसूच ये. मंग सायेब जवल आले न बोलले, तुजा नाथा कंपनीत भाजला, वाचनार नाय.”

सुयोग पेडणेकरांकडे वळून बघायला लागला. कीर्तीचं हसू मावळलं.

पेडणेकर उभे राहिले. “खरं आहे ते,” ते म्हणाले. “तो अभिनय नव्हता. मी या बाईंशी—”

“बसा हो, सायेब!” रखमाबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि शेजारच्या नाथाला कोपरानं ढोसलं. “हा तवा तुमच्याच पाठीमागं उभा व्हता, शूटिंग बगाला आलता. भजी खात व्हता, मना दिसत व्हता. पन खोटा बोलताना तुमचा तोंड असा काय झाला, मी बोलली, अरे, यांना असा तोंड पायजे व्हय! मंग तुमचाच तोंड मी करून दाखवला.”