गालातली सुपारी

“ही कोण, आबा?”

भाग्यश्रीनं भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवलं. चांगदेव आबांनी फोटोकडं पाहिलं. गालातली सुपारी जिभेनं घोळवली, डोळे अर्धवट मिटले आणि मग ओठांवर हसू आलं.

“गिता.”

“बरोबर. आन् मी कोण?”

आबा बराच वेळ सुनेकडं बघत राहिले. “तू व्हय? तू चांगली हायस.”

सुनेला एवढं प्रशस्तिपत्र कोणता सासरा देतो? पण भाग्यश्रीला रडू आलं. ती चहा टाकायला आत गेली.

केडगावातल्या या घरात रोजची सकाळ अशीच उजाडायची. आबा पोटच्या पोराचं, सुदर्शनचं नाव विसरले होते. वार, गाव, आपण जेवलो की नाही, सगळंच विसरत. बायकोचं नाव मात्र शाबूत होतं. गंमत म्हणजे ती जिवंत असताना ते त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. “अगं ए” नाहीतर “सुदर्शनची आई”, एवढ्यावर तीस वर्षांचा संसार झाला. आता शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत, “शिका कायतरी आबांकडनं!”

आबा दौंडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, चौदा एप्रिलची पत्रकं. खिळा म्हणजे शिशाचं उलटं अक्षर. एकेक उचलायचं, ओळ लावायची, दोऱ्यानं घट्ट बांधायची. भाग्यश्री सातवी शिकून या घरात आली, तेव्हा दुपारचा डबा घेऊन तिकडं जायची. आबांनी तिला उलटी अक्षरं वाचायला शिकवली आणि त्याच नादात दहावीला बसवली. “सुलट काय, कुनीबी वाचतंय,” ते म्हणायचे. बापानं केलं नाही ते या माणसानं केलं, हे ती कधी विसरली नाही.

सत्त्याण्णव साली गिताबाई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका आबांनी स्वतः जुळवली. तेच त्यांचं शेवटचं काम. कॉम्प्युटर आले होते, मालकानं त्याच महिन्यात खिळे भंगारात किलोवर घातले. पोती टेम्पोत चढेस्तोवर आबा तिथं उभे राहिले, आणि गालात सुपारी धरून घरी आले. सुपारीची सवय लागली ती तेव्हापासून. बिचाऱ्यांनी तिच्यासाठी कधी कुणाकडं पैसा मागितला नाही.

पाच वर्षांनी हात थरथरायला लागले. मग एकेक नाव जायला लागलं.

“रक्तात शिसं आहे,” पुण्याहून आलेला रिपोर्ट वाचून दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आबांच्या हिरड्यांवरची निळी-काळी रेघ त्यांनी भाग्यश्रीला दाखवली. “छापखान्यातलं जुनं असेल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते हे शिसं अडवतं. अंगात कॅल्शियम, लोह कमी पडलं की त्यांच्या जागेवर हे येऊन बसतं. रिकामं बाक दिसलं की कुणीतरी बसणारच ना? आपण बाकं भरून टाकू.”

मग बाकं भरणं सुरू झालं. गोळ्या होत्याच, शिवाय नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, तीळ, आवळा, दूध. आबा गुणी लेकरासारखं सगळं खात. विहिरीचं पाणी तपासून झालं. कल्हईची भांडी माळ्यावर गेली, स्टीलची आली.

दुपारी आबा खिडकीशी बसत. बाहेरच्या झेंडूवरून पिवळा उजेड घरात यायचा. त्या उजेडातून ते चिमटीनं काहीतरी उचलत आणि मांडीवर ओळीनं ठेवत.

“काय करताय, आबा?”

“अक्षरं हायती. पाखरावानी हिंडत्यात. धरली न्हाई तर उडून जातील.”

लांबून एखादी गाडी जायची, खिडकीचे गज थरथरायचे. अक्षरं बुजू नयेत म्हणून आबा हात आवरून थांबत. गाडीचा आवाज विरेपर्यंत भाग्यश्रीही श्वास धरून उभी राहायची. तिलाही मग उजेडात काहीतरी हिंडताना दिसल्यासारखं व्हायचं.

मधूनच ते म्हणायचे, “पोरी, जरा दोरा दे.”

ती वीतभर पांढरा दोरा तोडून द्यायची. छापखान्याची खोड, दुसरं काय.

तिसरा रिपोर्ट आला. आकडा उतरायचा सोडून चढला होता.

“छापखाना सुटून सहा वर्षं झाली,” भाग्यश्री म्हणाली. “पाणी बघितलं, भांडी बदलली. आता कुठनं येतंय, बाई?”

“रोज पोटात जातंय, एवढं खरं. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत उरलंसुरलंही जाईल.” डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “जेवणाखेरीज तोंडात काय असतं त्यांच्या?”

“सुपारी तेवढी.”

“ती आजच बंद करा. कशात काय मिसळलेलं असतं, सांगता येत नाही.”

ती घरी आली तेव्हा आबा खिडकीशीच झोपले होते. तोंड जरासं उघडं होतं, पिवळा उजेड पार हनुवटीपर्यंत आला होता. एकुलतं सुख काढून घेताना तिच्या जिवावर आलं. पण तिनं मन घट्ट केलं, दोन बोटं हळूच गालात घातली आणि सुपारी काढून मुठीत धरली.

आबा जागे झाले. तिनं मूठ पाठीमागं नेली, आणि चोरी लपवायला रोजचाच प्रश्न विचारला.

“ही कोण, आबा?”

आबांनी फोटोकडं पाहिलं. जीभ गालात गेली. मग दुसऱ्या गालात. मग दातांमागं, टाळूला. तिथंही काही मिळेना तसे त्यांचे डोळे भ्याल्यासारखे झाले.

“कोण हाय गं ही?”

भाग्यश्री खाली बसली. म्हणजे हेही गेलं. तिनं आबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडली. आबा थरथरत्या हातानं तिचे केस सारखे करत राहिले.

सुपारी अजून मुठीतच होती. सुपारीच्या मानानं जड होती, आणि तिचे कोपरे तळव्यात रुतत होते. तिनं मूठ उघडली.

ओल्या पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेले चार खिळे. आबांनी शिकवलं होतं तसं तिनं उजवीकडून डावीकडं वाचलं. गिता.